टप उतरवताना

आपल्याकडे माणूस डोक्यावरचं छप्पर वाढवायला महापालिकेत खेटे घालतो, शेजाऱ्याशी भांडतो, वेळप्रसंगी नगरसेवकाच्या बारशालाही जातो. कॅलिफोर्नियातल्या काही पोरांना मात्र दुसऱ्या महायुद्धाआधीच वाटू लागलं, की चांगल्या चालत्या गाडीला छप्पर जरा जास्तच आहे. आधी कोरड्या तलावांत शर्यती खेळताना वारा कमी अडावा म्हणून त्यांनी टप खाली आणला. मग शर्यत राहिली बाजूला, नुसत्या रुबाबासाठी कापाकापी सुरू झाली. १९५२ साली बॅरिस बंधूंच्या दुकानात बॉब हिरोहाटाच्या १९५१ च्या मर्क्युरी गाडीचा टप पुढून ४ आणि मागून ७ इंच उतरवला. २०२२ साली ती लिलावात २० लाख डॉलरच्या वर गेली. छप्पर कमी, पैसे जास्त. आपल्या बिल्डरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही.

मी हाच उद्योग प्लॅस्टिकच्या मॉडेलवर करतो, २५ पट लहान मापात. या मापात खऱ्या गाडीवरचा १ इंच जवळजवळ १ मिलिमीटर होतो. ४ इंच उतरवायचे तर ४ मिलिमीटर. हिशेब इतका सोपा, की माणूस गाफील राहतो.

टप पेलणाऱ्या खांबांवर तेवढ्याच रुंदीची मास्किंग टेप लावायची आणि तिच्या दोन्ही कडांनी बारीक दातांची करवत अलगद चालवायची. १९३२ च्या फोर्डचे खांब बरेचसे उभे. टप खाली आणला की गपगुमान बसतो. मर्क्युरीचे खांब वर जाताना आत झुकतात. मधला तुकडा काढला की टप आखूड पडतो आणि खालचे खुंट लांब उभे, देण्याघेण्यावरून अडून बसलेल्या व्याह्यांसारखे. मग मध्यस्थी आली. एक तर टप मधोमध आडवा कापून फटीत प्लॅस्टिकची पट्टी घाला, नाहीतर पुढचे खांब बुडापाशी सोडवून मागे कलवा. मागच्या काचेची उंची मात्र कापू नये. चौकट अख्खी सोडवून पुढे झोपवावी. मर्क्युरीचा सगळा नखरा त्या उतारात आहे.

फटीत सुपरग्लू सोडून वर खाण्याचा सोडा भुरभुरला की क्षणात दगड होतो. मग पॉलिश पेपर. सोडा मी स्वयंपाकघरातून परस्पर उचलतो आणि ढोकळा का बसला, या चर्चेत भाग घेत नाही. पुढची काच शर्टाच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून निघते. टप चिकटवण्याआधी सीट आणि स्टिअरिंग आत बसवून पाहावं. आत ड्रायव्हरचा पुतळा ठेवायचा असेल तर त्याच्या मानेचा निर्णय तेव्हाच घ्यावा.

रंग लागल्यावर गाडी आमच्या गल्लीतल्या डेंटरला दाखवली. त्याने टपावरून अंगठा फिरवला, सांधा लागला नाही तशी मान डोलावली.

“फिनिशिंग एक नंबर, साहेब,” तो म्हणाला. “पण ही ट्रकखाली गेली तेव्हा इन्शुरन्स चालू होता ना?”