श्री. ‘प्रश्न उद्भवत नाही’ यांस तारनाक्याहून अनावृत पत्र

प्रति,
श्री. ‘प्रश्न उद्भवत नाही’,
मुक्काम : सर्व मंत्रालये, सर्व विधान भवने आणि संसद भवन.

विषय : आपल्या प्रदीर्घ व अखंड सेवेचा यथोचित गौरव होण्याबाबत.

महोदय,

अर्जदार हैदराबादेतल्या तारनाक्याचा रहिवासी असून भाषेने मराठी, धंद्याने निवृत्त आणि स्वभावाने चौकस आहे. शिवाय त्याला महाराष्ट्र विधानसभेच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचण्याचा नाद आहे. लोक निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी घेऊन बसतात, हा तारांकित प्रश्नांची यादी घेऊन बसतो. घरच्यांनी या बाबतीत हात टेकले आहेत. या वाचनातच आपली ओळख झाली आणि पुढे आदर वाढत गेला. मंत्री येतात-जातात, पक्ष फुटतात, सरकारे एका रात्रीत बदलतात. पण आपण प्रत्येक सरकारात असताच. खातेवाटपात आपल्याला डावलण्याची हिंमत आजवर कुणाची झालेली नाही.

ज्यांना आपली कार्यपद्धती ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. महाराष्ट्रात आमदार प्रश्न विचारतो तो ठरीव साच्यात. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ ही सुरुवात. मग : (१) अमुक गावच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? यावर नमुनेदार उत्तर येते ते असे : (१) अंशतः खरे आहे. (२) पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (३) प्रश्न उद्भवत नाही.

‘अंशतः खरे आहे’ हे आपले धाकटे बंधू. खरा अंश कोणता, हे ते कधी बोलत नाहीत. ‘माहिती घेण्यात येत आहे’ हे चुलत घराण्यातले. पण मान आपला. जेवणानंतरच्या विड्यासारखे आपण शेवटी येता आणि आपण आलात की पंगत उठली. यातली खरी गंमत अशी की, आपल्याला बसायला पाट मांडून देतो तो प्रश्नकर्ताच. त्याने तिसरा भाग ‘नसल्यास’ने सुरू केला नसता, तर आपण कुठे बसला असता?

तारनाका तर आपल्या कार्यासाठी आदर्श भूमी आहे. चौकात उभे राहिले तर उस्मानिया विद्यापीठ जवळच, ते राज्याच्या अखत्यारीत. आरटीसीचे रुग्णालय राज्याच्या परिवहन महामंडळाचे. राष्ट्रीय पोषण संस्था आयसीएमआरची, म्हणजे दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाकडे. रासायनिक तंत्रज्ञानाची आयआयसीटी सीएसआयआरची, म्हणजे दिल्लीच्याच विज्ञान मंत्रालयाकडे. पलीकडे लालागुड्याचा रेल्वे कारखाना रेल्वेमंत्र्यांचा, आणि या सगळ्यांमधून जाणारे गटार महापालिकेचे. मंत्र्याला त्याच्या जबाबदारीबाहेरचे काही विचारता येत नाही, हा सभागृहाचा नियम. नियम रास्तच आहे. पण ज्याच्या दारात पाणी तुंबते त्याने आधी आमदार, खासदार की नगरसेवक याचा निर्णय लावायचा, आणि तो चुकला की आपण हजर!

आता थोडे आपल्या शत्रूविषयी. साध्या प्रश्नाला आपण भीत नाही, हे अर्जदाराच्या ध्यानात आले आहे. लेखी प्रश्न आधी पोचतो, कारकून फाइल काढतो, अवर सचिव मसुदा करतो, सचिव त्यातली धार काढतो. भीती आहे ती उपप्रश्नाची. उत्तर संपते न संपते तोच मागच्या बाकावरून उठणाऱ्या त्या माणसाची, ज्याचे वाक्य कुणी आधी वाचलेले नसते.

इंग्रजांना हे पक्के माहीत होते. १८९२च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, उपप्रश्नाचा दिला नाही. विचारा, ऐका, बसा. १८९५ साली टिळक आणि १८९९ साली गोखले मुंबई कौन्सिलात निवडून गेले ते याच व्यवस्थेत. या दोघांना एकेका प्रश्नावर थांबवणारे सरकार किती धूर्त असेल, याची कल्पना करावी. १९०९च्या सुधारणांत मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली, १९१९च्या सुधारणांनंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. म्हणजे एका प्रश्नाला दुसरा जोडायला सतरा वर्षे लागली आणि तो शेजारच्याला विचारू द्यायला आणखी दहा.

हैदराबादचीही एक आठवण काढू द्यावी. १९५२ साली हैदराबाद संस्थानच्या जागी आलेल्या राज्यात पहिली निवडणूक झाली आणि १७५ जणांची विधानसभा पब्लिक गार्डन्समधल्या टाउन हॉलमध्ये भरू लागली. मुख्यमंत्री बुर्गुला रामकृष्ण राव. अध्यक्षांच्या आसनावर काशीनाथराव वैद्य. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. आणि समोर विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे, पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने कम्युनिस्ट याच नावाने लढले होते. हे देशपांडे निवडून आले होते तेलंगणातल्या इप्पगुडा मतदारसंघातून. प्रश्न विचारणारा मराठी, उत्तर देणारा मराठी आणि ‘शांत राहा’ म्हणणाराही मराठी, असा योग हैदराबादेत पुन्हा आला नाही. सभागृहात उर्दू, तेलुगू, मराठी, कानडी अशा साऱ्या भाषा कानावर पडत.

त्याच वर्षी सप्टेंबरात नोकऱ्या स्थानिकांनाच मिळाव्यात म्हणून मुल्की आंदोलन पेटले आणि सिटी कॉलेजच्या परिसरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. सरकारला न्या. पिंगळे जगनमोहन रेड्डी यांची चौकशी नेमावी लागली. सभागृहात सहा महिन्यांपूर्वी आलेला, सरकारी बाकांकडे बोट दाखवणारा विरोधी पक्ष बसलेला होता. तो नसता तर हे प्रकरण ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून मिटवणे जास्त सोपे गेले असते, असे अर्जदाराचे मत आहे. आपले वेगळे असू शकते. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि १९५७ साली मराठवाड्यातल्या कंधारहून सभागृह गाजवणारे केशवराव धोंडगे तिकडच्या विधानसभेत पोचले. आपल्याला तिथेही चैन पडू न देण्याची तजवीज हैदराबादने अशी करून ठेवली.

आपला सर्वांत मोठा पराभव मात्र दिल्लीत झाला. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले. १९५७च्या सप्टेंबरपासून लोकसभेत त्यावर प्रश्न येऊ लागले. उत्तरे आपल्या शिकवणीप्रमाणे गुळमुळीत होती. पण सत्ताधारी पक्षाचेच, पंतप्रधानांचे जावई फिरोज गांधी हे पिच्छा सोडीनात. १६ डिसेंबरला त्यांनी कागद हातात घेऊन भाषण केले, न्या. छागलांचा एकसदस्य आयोग नेमावा लागला, मुंबईत उघड सुनावणी झाली आणि १९५८च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले.

त्यानंतर आपण सावध झालात. आज लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. १५ दिवस आधी सूचना द्यायची, मग सोडत निघायची. तारांकिताचे उत्तर तोंडी, त्यावर उपप्रश्न. अतारांकिताचे नुसते लेखी. एरवी प्रश्नोत्तराच्या तासात पाच-सहा तारांकित प्रश्नच होतात, तेही गोंधळ नसेल तर. उरलेल्यांची उत्तरे कागदावर पोचतात. २७ नोव्हेंबर २०१९ला मात्र विसाच्या वीस प्रश्न पार पडले. १९७२नंतर प्रथमच, म्हणून टाळ्या वाजल्या. अर्जदाराने भागाकार केला : साठ मिनिटे, वीस प्रश्न, प्रत्येकी तीन मिनिटे. मंत्र्याने उठायचे, उत्तर द्यायचे, बसायचे आणि मधल्या फटीत खासदाराने खोदून विचारायचे. हा विक्रम नक्की कुणाच्या सोयीचा, हे आपण खासगीत सांगावे.

प्रश्न विचारणारे सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात, हेही आपल्या बाजूने मान्य केले पाहिजे. २००५ साली पत्रकारांच्या छुप्या कॅमेऱ्यापुढे पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले ११ खासदार सापडले आणि २३ डिसेंबरला त्यांची हकालपट्टी झाली. त्यांतले दोन एकट्या जळगाव जिल्ह्यातले. पत्रकारांनी जे प्रश्न दिले, त्यांत रेल्वेने जर्मनीहून ‘योसारियन’ नावाचे इलेक्ट्रो-डिझेल इंजिन मागवले आहे काय, असाही एक होता. योसारियन हा ‘कॅच-२२’ या कादंबरीचा नायक. रूळ, डबे, लालागुड्याचा कारखाना सगळे जागेवर आहे, इंजिन तेवढे कादंबरीतले! तिथे आपण उत्तर म्हणून आला असता, तर आयुष्यात एकदा तरी शब्दशः खरे ठरला असता.

आपल्या कारकिर्दीचा कळस १४ सप्टेंबर २०२०चा. करोनामुळे त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. फक्त अतारांकित प्रश्न, फक्त लेखी उत्तरे. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली काय, असे लोकसभेत विचारले गेले. श्रम मंत्रालयाने कळवले की अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि भरपाई? वरील बाब पाहता, प्रश्न उद्भवत नाही.

तारनाक्याला ही गोष्ट दूरची नाही. मजुरांसाठीची पहिली श्रमिक गाडी १ मे २०२०ला याच शहराच्या लिंगमपल्लीहून हटियाला सुटली. आणि ८ मेच्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातली ही माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यातून निघून भुसावळला गाडी मिळेल या आशेने रूळ धरून चालली होती. सोळा जण गेले. मालगाडी होती रिकाम्या टँकरांची, चेर्लापल्लीहून मनमाडजवळच्या पानेवाडीला निघालेली. चेर्लापल्ली तारनाक्याच्या पूर्वेला, अंतर थोडेच. तो मार्ग दक्षिण मध्य रेल्वेचा, तिचे मुख्यालय सिकंदराबादेत. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही सरकारांनी मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले होते. म्हणजे राज्यांना सोळा मोजता आले होते.

त्याच अधिवेशनात राज्यसभेत वेगळ्या मंत्रालयाला वेगळ्या शब्दांत विचारले गेले, तेव्हा रेल्वेने आकडा दिला : ९ सप्टेंबरपर्यंत श्रमिक गाड्यांतून प्रवास करताना ९७ मृत्यू. आकडेवारी नसते असे नाही, ती कुणाच्या तरी कपाटात असते. करमाडचे सोळा या ९७मध्येही येत नाहीत, कारण ते गाडीत बसलेलेच नव्हते. ‘मग नोंद का ठेवली नाही?’ एवढे पाच शब्द त्या दिवशी लोकसभेत कुणी उभे राहून विचारू शकले असते, तर उत्तर काय आले असते, याचा अर्जदार अजून विचार करतो आहे. तासच रद्द असल्यामुळे आपल्याला तो त्रास पडला नाही.

असो. गौरवाच्या पत्रात मागणी करू नये, पण अर्जदाराची एक आहे. तेलंगणात ९ डिसेंबर २०२३पासून महालक्ष्मी योजनेत महिलांचा आरटीसी प्रवास मोफत आहे. वाहक शून्य रुपयांचे तिकीट फाडून देतो आणि त्याचे पैसे सरकारने महामंडळाला भरून द्यायचे असतात. अर्जदाराने आपल्या आमदारांसाठी प्रश्नाचा मसुदा केला आहे. तो असा : (१) योजना सुरू झाल्यापासून किती शून्य तिकिटे दिली गेली; (२) त्यांपोटी महामंडळाने किती रक्कम मागितली; (३) त्यांतली किती रक्कम कोणकोणत्या तारखांना जमा झाली; (४) याच काळात तारनाक्याच्या आरटीसी रुग्णालयाला औषधांसाठी किती निधी मिळाला?

यात ‘हे खरे आहे काय’ नाही. ‘असल्यास’ नाही, ‘नसल्यास’ही ठेवलेले नाही. चारांपैकी एकाही ओळीपुढे आपल्याला टेकायला जागा दिसत असेल, तर उलट टपाली कळवावे. अधिवेशनाला अवकाश आहे, मसुदा दुरुस्त करून घेता येईल.

कळावे,
आपला,
अर्जदार,
तारनाका