सर्व्हररूममधले अण्णा

पुण्यातल्या जुन्या सॉफ्टवेअर कंपनीत एक थंडगार खोली असते आणि तीत, भर मे महिन्यात स्वेटर घालून, एक अण्णा असतात. खरं नाव फक्त पगारपत्रकाला ठाऊक. नेट बंद पडलं की सगळं ऑफिस त्यांच्या दाराशी. चालू असलं की अण्णा आलेत की नाही, याचीही कुणाला पंचाईत नसते.

अण्णा आकड्यांत बोलतात. वेब सर्व्हर ब्राउझरला जी तीन अंकी उत्तरं देतो, त्यापलीकडे माणसाला बोलायची गरजच काय, असं त्यांचं मत. जेवलात का? ‘२००’, म्हणजे सगळं ठीक. सर्व्हररूमची किल्ली मिळेल? ‘४०३’, म्हणजे मागणी समजली, मिळणार नाही. मॅनेजरची दोन तासांची मीटिंग ‘२०४’: काम झालं, मजकूर शून्य. पुतणीचं लग्न लागलं तेव्हा अक्षता टाकता टाकता ‘३०१’ म्हणाले, पत्ता कायमचा बदलला. दिवाळसणाला ती माहेरी आली तर ‘३०२’, तात्पुरता. एकदा कुणाच्या तरी दहाव्याला मात्र त्यांनी कमाल केली. ‘४०४ नव्हे, ४१०,’ असं पुटपुटले. ४०४ म्हणजे सापडत नाही, उद्या सापडेलही. ४१० म्हणजे गेलं, आता शोधू नका. सुदैवाने नातेवाइकांना वाटलं, फ्लॅटचा नंबर विचारताहेत.

एकदा अमृततुल्यात मी कॉफी मागितली. “कॉफी नाही, चहाच आहे,” मालक म्हणाला. अण्णा उभेच राहिले. १ एप्रिल १९९८ ला इंटरनेटच्या नियमावलीत कुणीतरी थट्टेने कॉफीयंत्रांचे नियम घुसडले होते. चहाच्या किटलीकडे कॉफी मागितली तर तिने ४१८ हे उत्तर द्यायचं. “आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष ऐकलं!” अण्णा गहिवरून म्हणाले. मालकाने पैसे मागितले. अण्णांनी त्याला ४०२ हा पैसे मागण्याचा कोड कसा पुढेमागे लागेल म्हणून नुसताच राखून ठेवलाय, ते समजावलं. पैसे मी दिले.

जेवणानंतर अण्णा काळ्या पडद्यावर ‘अ‍ॅडव्हेंचर’ खेळतात. चित्र नाही, आवाज नाही. गुहेचं वर्णन वाचायचं आणि ‘दिवा घे’, ‘पूर्वेला जा’ असे दोन-दोन शब्दांचे हुकूम इंग्रजीत टाइप करायचे. ग्राफिक्स कुठायत, असं एका नव्या पोराने विचारलं. त्याला आठवडाभर वायफायचा पासवर्ड मिळाला नाही.

अण्णांच्या भक्तीला कारण आहे. हा खेळ १९७० च्या दशकाच्या मध्यावर लिहिला तो विल क्राउदरने, आणि इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्यातला डेटा कुठल्या वाटेने जावा हे ठरवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांतही हाच क्राउदर. सुट्टीत तो केंटकीतल्या मॅमथ केव्हमध्ये उतरून नकाशे करायचा. घटस्फोटानंतर मुलींना रमवायला त्याने तीच गुहा कॉम्प्युटरवर उतरवली. १९७७ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने त्यात आणखी खजिने आणि संकटं भरली. त्यामुळे अण्णांच्या लेखी राऊटर आणि गुहा हे एकच दैवत. केबलींच्या जंजाळात शिरताना ते हातात टॉर्च घेतात, ट्यूबलाइट चालू असली तरी. खेळात दिव्याची बॅटरी संपते, आणि अंधारात चालणारा खड्ड्यात पडतो.

खेळात ‘एक्स-वाय-झेड-झेड-वाय’ असा मंत्रही आहे. योग्य जागी म्हटला तर गुहेतून थेट बाहेरच्या घरात. भलतीकडे म्हटला तर काहीच होत नाही. लिफ्ट अडकली तेव्हा अण्णांनी तो म्हणून पाहिला. मग मी वॉचमनला फोन केला.

वहिनी या संसारात पुरत्या मुरल्या आहेत. परवा मी त्यांच्याकडे बसलो होतो. अण्णा गुहेत होते.

“अहो, सिलिंडर बदलून देता का?”

“५०३,” अण्णा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. सेवा तूर्त उपलब्ध नाही.

“मग रिट्राय-आफ्टर सांगा,” वहिनी आतून म्हणाल्या. “किती सेकंदांनी पुन्हा विचारू? ५०३ बरोबर तेही पाठवता येतं, तुम्हीच सांगितलं होतंत.”

अण्णांनी खेळ सेव्ह केला आणि सिलिंडर बदलायला उठले.