सेल फिरवून बघा

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो नवे सेल आणा, दुसरा म्हणतो आहेत तेच फिरवून बघा. या दुसऱ्या तटाचे तहहयात अध्यक्ष म्हणजे काका. ते आमच्या मजल्यावर राहतात. तुमच्याही राहत असतील. बँकेतून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारे. संपलेला सेल त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. "सेल संपत नसतो," ते म्हणतात, "थकतो."

काकांचा रिमोट ओळखायला सोपा. टीव्हीबरोबर आलेलं प्लॅस्टिक अजून अंगावर, त्यावर दोन रबरबँड. मागचं झाकण केव्हाच हरवलंय, तिथे चिकटपट्टी. प्लॅस्टिक इतकं पिवळं पडलंय की आतले आकडे दिसत नाहीत. काकू सवयीनं दाबतात. आवाज वाढवायला जावं आणि बातम्या लागाव्यात, असं त्यांचं अधूनमधून होतं. मग तेवढ्या वेळ त्या बातम्या बघतात.

बिघाड नेमका संध्याकाळी मालिकेच्या तोंडावर होतो. काकू बटण दाबतात, पुन्हा दाबतात, मग जोरात दाबतात. काका पेपर बाजूला ठेवून हात पुढे करतात, "आण इकडे." आधी तळहातावर दोन चापट्या. मग सोफ्याच्या लाकडी हातावर एक. मग चिकटपट्टी सोडवून दोन्ही सेल जागच्या जागी अंगठ्यानं गरागरा फिरवायचे आणि हात लांब करून टीव्हीच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, पण सोफ्यावरून उठायचं नाही. आणि टीव्ही लागतो!

लोक याला हसतात, पण काकांचं अगदीच चुकत नाही. सेलच्या टोकांवर आणि स्प्रिंगवर मळाचा, गंजाचा पातळ थर बसतो; फिरवताना तो घासला जातो. शिवाय साध्या झिंक-कार्बनच्या सेलला जरा विश्रांती मिळाली की त्याची शक्ती थोडी परत येते. काकांनी हे पुस्तकात वाचलेलं नाही. ट्रान्झिस्टरवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायच्या दिवसांत त्यांच्या आईच्या कुरडयांशेजारी गच्चीवर सेलही वाळत असत. ऊन लागलं की आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते आणि शेवटची पाच षटकं निघतात.

तेव्हा सेल मोठे होते, आता करंगळीएवढे आहेत. धोरण तेच. दिवाळी झाली की काका एसीच्या रिमोटचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला लावतात. "त्याला आता काय काम?" मार्चमध्ये पहिला उकाडा होतो, एसीचा रिमोट कोरा चेहरा करून पडलेला असतो, आणि काका सांगतात, एसीची सवय वाईटच. कुणी म्हणालंच की दोन सेलची किंमत ती काय, तर ते चष्म्यावरून बघतात. प्रश्न पैशांचा नसतो. नवे सेल आणणं म्हणजे हार मानणं.

एका सुट्टीत नातवानं त्यांना मोबाइलची युक्ती शिकवली, आणि तेव्हापासून अख्ख्या इमारतीला शांतता नाही. रिमोटच्या टोकाला एक छोटा दिवा असतो. त्याचा अवरक्त प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो. बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकतो. ठिपका दिसला तर रिमोट जिवंत, दोष टीव्हीकडे. बऱ्याच मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा प्रकाश अडवणारी काच असते, म्हणून पुढचा कॅमेरा वापरायचा. त्यामुळे काकांच्या मोबाइलमध्ये हातात रिमोट धरलेले, भुवया वर केलेले काका शेकड्यांनी साठले आहेत.

बोलावण्याची ते वाट पाहत नाहीत. जिन्यात कुणी "काल टीव्हीच लागेना" एवढं म्हटलं की पुरे. निम्म्या घरांत रिमोट ठणठणीत असतो, फक्त माणूस टीव्हीचा रिमोट सेट-टॉप बॉक्सवर रोखून बसलेला असतो. काही घरांत नवा साउंडबार हौसेनं टीव्हीच्या पायाशी मांडलेला असतो आणि रिमोटची खूण टिपणारा डोळा नेमका त्याच्यामागे दडलेला. हे दोष काका क्षणात ओळखतात, पण क्षणात सांगत नाहीत. चहा होईपर्यंत रिमोट उघडून ठेवतात. सेल पाझरून स्प्रिंगवर पांढरी बुरशी धरली असेल तर लिंबाची फोड मागतात. अल्कलाइन सेलच्या पाझराला लिंबू लागू पडतं, साध्या सेलच्या पाझराला नाही. लिंबू मात्र दोन्हीकडे खर्ची पडतं. रबरी बटणांखालचा काळा कार्बन झिजला असेल तर चॉकलेटच्या चांदीचे बारीक तुकडे कापून चिकटवतात. ते काम त्यांनी करावं आणि आपण बघावं.

त्यांची एकदाच फजिती झाली. चौथ्या मजल्यावरच्या जोडप्यानं नवा स्मार्ट टीव्ही घेतला होता. काकांनी कॅमेरा लावला, बटणं दाबली. चालू-बंदचं सोडता एकाही बटणाला ठिपका दिसेना. "गेला," काकांनी गंभीरपणे जाहीर केलं. पण तो रिमोट बाकी कामं ब्लूटूथनं करत होता, त्याला लुकलुकायचं कारणच नव्हतं. मुलीनं दोन बटणं एकत्र दाबून टीव्हीशी त्याची जोडणी पुन्हा केली आणि तो चालू लागला. काका जिना उतरताना म्हणाले, "दिसत नाही ते खरं कशावरून?"

नंतर नातवानं त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. 1956 साली अमेरिकेत झेनिथ कंपनीनं जो रिमोट काढला, त्याला सेलच नव्हते. बटण दाबलं की आत एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटायची, माणसाला ऐकू न येणारा नाद निघायचा आणि टीव्ही तो ओळखायचा. सेल संपला तर गिऱ्हाइकाला टीव्हीच बिघडला असं वाटेल, अशी कंपनीच्या विक्रेत्यांना धास्ती होती. पुढे किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी चॅनल बदलायचं म्हणे. काकांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. "जगानं तिथंच थांबायला हवं होतं," ते म्हणाले.

अलीकडे त्यांचा स्वतःचा रिमोट मात्र कधी अडत नाही. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय बाजूला सारून त्यांनी त्यावर बोलून घेतलं. रोज रात्री झोपण्यापूर्वी सेल उजवीकडे तीन वेळा फिरवायचे, डावीकडे एकदा. दोन वर्षं झाली, तेच सेल! सभासदांनी मान डोलावली. काकू मागच्या रांगेत लसूण सोलत होत्या.

परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्या भेटल्या. साबुदाणा, गूळ, आणि लाल वेष्टनाचे चार सेल. वेष्टनाचा रंग त्यांनी उजेडात धरून नीट पाहून घेतला. दुकानदार हसून म्हणाला, "काकू, सगळ्या सोसायटीत जास्त सेल तुमच्याकडेच जातात. एवढे लागतात कशाला?"

काकूंनी सेल पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवले. "आमच्याकडे सेल वाचवतात ना," त्या म्हणाल्या.