कोठीचं गिऱ्हाईक

2002 साली विश्वनाथन आनंदनं हैदराबादेत विश्वचषक जिंकला, तेव्हापासून या शहरात बुद्धिबळाचं नाव जरा आदरानं घेतात. कोठीत आमच्या घरी दर रविवारी माझा आणि थोरल्या साडूंचा जो डाव पडतो, त्याचा या आदराशी काही संबंध नाही. तरी परवाचा डाव मी लिहून ठेवला आणि रात्री, बायको झोपल्यावर, अभ्यासाला बसलो.

सुरुवात थोरामोठ्यांसारखी झाली होती. राजापुढची प्यादी दोन-दोन घरं पुढं, मग माझा घोडा बाहेर. साडूंनी मधल्या प्याद्याला जोर म्हणून राजाकडच्या उंटापुढचं प्यादं एक घर सरकवलं. याला दमियानोचा बचाव म्हणतात. पेद्रू दमियानो हा पोर्तुगीज औषधविक्या. 1512 साली रोममध्ये छापलेल्या पुस्तकात त्यानं ही खेळी वाईट ठरवली, आणि जगानं तिला त्याचंच नाव चिकटवलं! दारूबंदीच्या पुढाऱ्याचं नाव गुत्त्याला द्यावं, त्यातला प्रकार.

वाईट का, तर आपण घोड्यानं ते मधलं प्यादं मारायचं. समोरच्यानं घोडा खाल्ला की वजीर पार कडेला नेऊन शह. मग एक तर त्याचा हत्ती जातो, नाहीतर राजा भर चौकात येतो. मी पुस्तकाबरहुकूम घोडा पुढं केला आणि चेहरा पडलेला ठेवला.

पण साडूंचा उभा जन्म सुलतान बाजारात घासाघीस करण्यात गेलेला. दुकानदार पहिल्याच भावाला 'ले जाव साब' म्हणाला की हे पायरी उतरतात. घोड्याकडे बराच वेळ बघून म्हणाले, "फुकटात घोडा? नक्को भाऊ." आणि वजीर राजापुढं आणून ठेवला.

संगणक म्हणतो, पांढऱ्याचं पारडं तरीही जड; पण त्या जागी काळ्याला याहून चांगली खेळी नाही. 1964 मध्ये ह्यूस्टनला बॉबी फिशर एकाच वेळी अनेकांशी खेळत होता. तिथं मॅक्ग्रेगर नावाच्या खेळाडूनं नेमकी हीच वजिराची खेळी करून त्याला बरोबरीत रोखलं. आमचाही डाव बरोबरीतच सुटला. आतून पानं वाढल्याची हाक आली.

हे सगळं ऐकल्यापासून साडू स्वतःला मॅक्ग्रेगर म्हणवून घेतात. माझी काहीच हरकत नाही. त्या हिशेबानं मी फिशर ठरतो.