जग्वारला ओमान, अहेरीला छत्री

अमेरिकेकडे बी-५२ नावाचं बॉम्बफेकी विमान आहे. पहिलं उडालं १९५२ मध्ये, शेवटचं कारखान्याबाहेर पडलं १९६२ मध्ये. त्यातली ७६ अजून नोकरीत आहेत आणि २०५० उलटून गेल्यावरही उडवायची असं तिथल्या सरकारनं ठरवून टाकलंय. एकेका विमानाला आठ इंजिनं. ती सगळी काढून रोल्स-रॉइसची नवी बसवायची, म्हणजे ६०८ इंजिनं, राखीव वेगळी. शिवाय रडार नवं. त्या रडारचा खर्च इतका फुगला की २०२५ मध्ये तिथल्या संसदेला रीतसर कळवावं लागलं. तरी काम थांबलं नाही. म्हातारं विमान वापरायचं ठरलं ना, मग त्याच्या औषधपाण्याला पैसे मोजा, असा साधा हिशेब.

आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाचल्यावर माणसाला विमान आठवत नाही, एसटी आठवते.

२०२३ चा जुलै महिना. मार्चमध्ये सरकारनं महिलांचं तिकीट अर्धं केलं होतं. जुलैमध्ये गडचिरोलीत छतही अर्धं झालं. अहेरी आगाराची बस भर रस्त्यात धावतेय आणि टपाचा पत्रा एका बाजूनं सुटून वाऱ्यावर फडफडतोय, असा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला. पत्रा एकदम उडत नाही हो. आधी एक रिवेट जातो, मग शेजारचा. पावसाचं पाणी फटीतून आत येतं, खालची पट्टी गंजते, कुणीतरी तार बांधतं. पुढच्या खेपेला तार तुटते. मग एक दिवस वारा आत शिरतो. ही सगळी प्रगती महिनोन्महिने चाललेली असते आणि ती रोज बघणारे किमान तिघं असतात: चालक, वाहक आणि आगारातला मेकॅनिक. तिघांपैकी कुणाच्याही खिशात नवा पत्रा नसतो.

पाठोपाठ दुसरा व्हिडिओ आला. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातानं वायपर ओढणारा चालक. आणि ऑगस्टमध्ये तिसरा. छत गळतंय, चालकानं एका हातात छत्री धरलीय आणि दुसऱ्या हातानं गाडी हाणतोय. अमेरिकेनं सत्तर वर्षांत विमानावर जे प्रयोग केले नसतील, ते आमच्या चालकांनी एका पावसाळ्यात करून दाखवले. महामंडळानंही तत्परता दाखवली. एका अभियंत्याला निलंबित केलं. पत्र्यापेक्षा अभियंता स्वस्त पडतो.

आता कुणी म्हणेल, कुठं लढाऊ विमान, कुठं लाल डबा. तर बाप्पा, आपल्या विमानांचंही बघू.

बी-५२ सारखं नुसतं बॉम्बफेकी विमान आपल्याकडे आता नाही. होतं ते कॅनबेरा. पुण्याच्या लोहगावच्या लोकांना त्याचा आवाज माहीत होता. पन्नास वर्षं राबवून २००७ मध्ये निवृत्त केलं. त्याआधी कारगिलमध्ये क्षेपणास्त्र लागलेलं एक कॅनबेरा एका इंजिनावर परत आलं होतं. मिग-२१ गेलं २६ सप्टेंबर २०२५ ला, ६२ वर्षांच्या सेवेनंतर. आपल्याच नाशिकच्या ओझरला ती बनायची. ते गेल्यावर हवाई दलाकडे ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी २९ उरल्या.

आणि खास बॉम्ब टाकण्यासाठीचं म्हणून उरलंय जग्वार. आपल्याकडे १९७९ मध्ये आलं. फ्रान्सनं २००५ मध्ये काढलं, ब्रिटननं २००७ मध्ये. आज जगात जग्वार उडवणारे आपण एकटेच. त्यातल्या काहींना नवं रडार दिलं, नवं कॉकपिट दिलं. इंजिन मात्र जुनं आणि कमी ताकदीचं, म्हणून तेही बदलायचं ठरलं होतं. परवडत नाही म्हणून २०१९ मध्ये तो बेत गुंडाळला. म्हणजे आजोबांना चष्मा नवा करून दिला आणि हृदयाच्या ऑपरेशनला पुढची तारीख दिली, तीही न सांगता. बरेच सुटे भाग आता बनत नाहीत, तेव्हा फ्रान्स आणि ओमाननं मोडीत काढलेली जग्वार आणून त्यांचे भाग काढायचे, असं चाललंय. २०२५ या एका वर्षात तीन जग्वार पडली. मार्चमध्ये अंबाल्याजवळ, एप्रिलमध्ये जामनगरला, जुलैमध्ये राजस्थानात चुरूला. तीन वैमानिक गेले. प्रत्येक अपघाताचं कारण वयच होतं असं म्हणणं घाईचं ठरेल, पण मोडीतल्या विमानाच्या भागांवर दुसरं विमान किती वर्षं उडवायचं, हे विचारायला चौकशी अहवालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणजे फरक विमान आणि बस असा नाहीच. दोन्हीकडे रीत एकच: नवीन घ्यायचं पुढं ढकलायचं, जुन्याच्या दुरुस्तीतही काटकसर करायची, आणि मधल्या काळाची जोखीम सीटवर बसलेल्यानं उचलायची. वैमानिकाच्या सीटखाली निदान बाहेर फेकणारं यंत्र तरी असतं.

गंमत म्हणजे या दोन्ही ताफ्यांचे वैद्य एकाच गावात राहतात. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपुरात, वायुसेनानगरला. एसटीची एक मध्यवर्ती कार्यशाळाही नागपुरातच, हिंगण्याला. तिथं जुन्या चेसिसवरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा उतरवून पोलादी बॉडी चढवतात, आणि हे काम चांगलं होतं हे खुद्द बसमध्ये बसून सांगतो. जुनं जपण्याला कुणाची ना नाही. नव्या बॉडीची बस पुण्या-नागपूरच्या रस्त्यावर अगोदर दिसते आणि एटापल्ली, भामरागड, सिरोंचाच्या वाट्याला मागाहून येते, तक्रार ती आहे. ज्या रस्त्यांवर सुरजागडच्या खनिजाचे ट्रक दिवसरात्र धावतात त्या रस्त्यांवर सर्वांत खिळखिळी गाडी पाठवायची, याला नियोजन म्हणतात.

आणि आमच्याकडे गाडी बंद पडली तर दुसरी अर्ध्या तासानं येते असं नसतं. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, सकाळी निघते. ती आली नाही की मोफत पासवाली मुलगी त्या दिवशी शाळेत जात नाही आणि तापानं फणफणलेला माणूस अहेरीच्या दवाखान्यात पोचत नाही. १ जानेवारी २०२५ ला गर्देवाडा-वांगेतुरीच्या बाजूला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एसटी गेली, मुख्यमंत्री स्वतः बसले, फोटो निघाले. चांगलंच झालं. त्याच महिन्यात भाडंही १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पहिल्या गाडीचा फोटो निघतो. तीच गाडी सहाव्या पावसाळ्यात कशी दिसते, ते बघायला कुणी हेलिकॉप्टरनं येत नाही.

हवाई दलाच्या स्क्वाड्रन किती उरल्या हे संसदेत विचारलं जातं, छापून येतं, त्यावर आमच्या चहाच्या टपरीवरही वाद होतात. अहेरी, गडचिरोली, राजुरा, ब्रह्मपुरी या आगारांत दहा वर्षांवरच्या गाड्या किती, त्यातल्या कितींचं छत शाबूत आहे आणि गेल्या वर्षी दुरुस्तीला किती रुपये आले, हे कुणी विचारत नाही. दोन जिल्ह्यांचे मिळून नऊ आमदार आहेत. हिवाळी अधिवेशनही नागपुरातच भरतं, त्या कार्यशाळेच्याच गावात. तुमच्या आमदाराला एवढंच सांगा, यंदा हा प्रश्न टाका आणि उत्तर आगारनिहाय, लेखी मागा.