पाचशेच्या स्टॅम्पपेपरास अभिनंदनपत्र

प्रति,
श्री. स्टॅम्पपेपर (रु. 500),
मुक्काम : तहसील कचेरीचे आवार, लिंबाखाली.

विषय : दोनदा माफ होऊनही सेवेत कायम राहिल्याबद्दल अभिनंदन.

संदर्भ : 1) शासन आदेश, दि. 1 जुलै 2004. 2) शासन निर्णय, दि. 9 मार्च 2015. 3) खिडकीतून आलेले तोंडी फर्मान (तारीख नाही, सही नाही).

महोदय,

वरील तीन संदर्भांपैकी पहिले दोन छापील आहेत आणि तिसरा हवेतला. तरी अंमल चालतो तो तिसऱ्याचाच. या विजयाचे मानकरी आपण, म्हणून हा पत्रप्रपंच.

जातीचा, उत्पन्नाचा, वास्तव्याचा दाखला काढायचा असो की सरकारी कचेरीत दुसरं कसलं प्रतिज्ञापत्र द्यायचं असो, त्यावर मुद्रांक शुल्क लागणार नाही, असं शासनाने 2004 सालीच सांगून टाकलं. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गेला असता. आपण जागचे हललाही नाहीत. त्याच सुमारास तेलगी प्रकरणात आपल्या नावाने बनावट कागदांचा केवढा बाजार उघडकीला आला! तरी खिडकीचा आपल्यावरचा विश्वास तसूभर ढळला नाही. 2015 मध्ये स्वयंघोषणापत्र आलं. साध्या कागदावर लिहून स्वतः सही करा, नागरिकाच्या शब्दावर भरवसा ठेवू, असं शासन म्हणालं. खिडकी म्हणाली, "ते ठीक आहे हो, पण स्टॅम्पवर आणा."

ऑक्टोबर 2024 मध्ये किमान शुल्क शंभरावरून पाचशेवर गेलं. गंमत पाहा, घेण्याचा हा नियम खिडकीपर्यंत पोचायला रात्रसुद्धा लागली नाही. सोडण्याचा नियम मात्र 2004 साली मंत्रालयातून निघालेला अजून वाटेतच होता. जे पद वीस वर्षांपूर्वी रद्द झालं, त्या पदावर आपल्याला बढती मिळाली. शेवटी मार्च 2025 मध्ये महसूलमंत्र्यांना दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचे पाचशे रुपये माफ केल्याचं जाहीर करावं लागलं. म्हणजे माफ झालेलं पुन्हा माफ झालं. असा मान पीककर्जालाही सहसा मिळत नाही.

आपला खरा थाट पाहावा तो जूनमध्ये. बारावीचा निकाल लागलेला, प्रवेशाची मुदत डोक्यावर, आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी मायलेकरं रांगेत. भिंतीवर लोकसेवा हक्क कायद्याचा फलक. कोणती सेवा, किती दिवसांत, किती शुल्क, सगळं त्यावर लिहिलेलं. त्यात आपलं नाव कुठेही नाही. त्याच फलकाखाली वेंडर रजिस्टर उघडून बसलेला. नाव, गाव, कारण, सही. कारणाच्या रकान्यात तो न विचारताच "प्रतिज्ञापत्र" लिहितो. पलीकडे टायपिंगवाला मजकूर तयार ठेवून असतो, फक्त नाव बदलायचं. त्याच्या पलीकडे नोटरीचा शिक्का. पोरगा मोबाइलवर शासन निर्णय काढून दाखवतो, तेव्हा आईच त्याचा दंड धरते. "गप रे, साहेब चिडतील. वर्ष जाईल तुझं." महोदय, आपल्या साम्राज्याचा पाया तो हा. पाचशे रुपये परवडतात, वर्ष परवडत नाही.

आपल्यामागे कुणीतरी मोठं बसलेलं असावं, अशी लोकांची समजूत आहे. ती खोटी आहे. खिडकीमागचा माणूस खलनायकही नाही. त्याचं गणित साधं आहे. एक कागद कमी घेतला आणि उद्या चौकशी लागली, तर नोटीस त्याला. एक कागद जास्त मागितला, तर भुर्दंड रांगेला. जास्तीचा कागद मागितला म्हणून कुणी निलंबित झाल्याचं आपण तरी ऐकलंय का? मग तो आपल्याला का सोडेल? नियम नागरिकासाठी बदलला, भीती कारकुनाची होती तशीच राहिली. आणि वेंडर, टायपिंगवाला, नोटरी यांच्या चुली त्या भीतीवर पेटतात, म्हणून तक्रार करायला आतलं कुणी नाही.

तेव्हा काळजीचं कारण नाही. तिसऱ्यांदा माफी झाली तरी आपण निर्धास्त राहावं. हितचिंतक म्हणून फक्त एका धोक्याची सूचना देतो. फलकावर नसलेला कागद मागणाऱ्याने "अमुक नियमानुसार हा कागद आवश्यक आहे" एवढी एक ओळ लिहून, खाली नाव, हुद्दा आणि तारीख घालून सही करून द्यावी, असं एखाद्या चक्रम अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं, तर मात्र आपलं कठीण आहे. प्रतिज्ञा एकदा खिडकीच्या आतल्या बाजूने करावी लागली, की आपली गरज दुपारच्या चहाच्या आत संपेल. हा विचार रांगेतल्या कुणाला सुचू नये, एवढी दक्षता घ्यावी.

कळावे.

आपला,
रांगेतला एक अर्जदार

(सदर पत्र साध्या कागदावर लिहिले आहे. त्रुटी काढून परत पाठवू नये, ही विनंती.)