छत्तीस चौकोनांचं लफडं

बाहेर बोलू नका, पण आमच्या सोसायटीत चांगल्या घरच्या बायका सध्या भरदुपारी दार लावून नवंकोरं कापड कापत बसतात. कापतात आणि पुन्हा जोडतात. विचारलं तर लाजतात.

मला पत्ता लागला भिशीच्या दिवशी. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर भिशी होती. साबुदाणावड्यांची परात, दह्यातली चटणी, सगळं जागच्या जागी, यजमानीणच गायब. मी पाणी घ्यायच्या निमित्ताने आत डोकावले. (निमित्त खोटं होतं, कबूल.) तर पलंगावर कापडाचे चौकोन मांडलेले आणि ही बाई बुद्धिबळाच्या पटासमोर उभं राहावं तशी उभी. पिवळा उचलून निळ्याशेजारी, निळा उचलून खाली, मग मान वाकडी करून दोन पावलं मागे. पुन्हा पिवळा मूळ जागी.

"हे काय गं?"

"गोधडी. बाळाची."

"कुणाच्या?"

तर भाचीच्या. भाचीला पाचवा महिना. डोहाळजेवणाची तारीख ठरलेली नाही आणि इथे अंथरूण तयार! आमच्या आयांच्या काळात येणाऱ्या बाळासाठी आधीपासून काही करून ठेवायला बायका घाबरायच्या, दृष्ट लागते म्हणून. आता दृष्टीला बिचारीला सोसायटीभर फिरायचं तर वेळापत्रक करावं लागेल.

बरं, गोधडी आपल्याला काही परकी नाही. कुठे तिला वाकळ म्हणतात, कुठे लेपाटं, पण तिची एक रीत होती. नऊवारी लुगडं नेसून नेसून विटलं, विरायला लागलं, की त्याच्या मऊ भागाची दुपटी व्हायची, लंगोट व्हायचे. धड असलेले काठ काढून जपून ठेवायचे. उरलेलं गोधडीच्या पोटात. वर जुन्या धोतरांचे, परकर-पोलक्यांचे तुकडे आणि मग धावदोरा, कडेपासून निघून चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत. गोधडीत पोचायला कापडाला एक अख्खा जन्म भोगावा लागायचा. आणि ठिगळ लावायला आधी भोक लागतं, याबद्दल तरी कुणाचं दुमत नव्हतं. आता भोकच नाही! धडधाकट ताग्यातून कापड आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि त्या चिंध्या जोडून परत कापड करायचं. आमच्या मजल्यावर साताऱ्याकडच्या आजी राहतात, ऐंशी ओलांडलेल्या. त्यांना मी हे सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग कापलं कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

याहून वाईट पुढेच आहे. ज्यांना कापायचाही कंटाळा, त्यांच्यासाठी तुकडे विकत मिळतात. पाच इंचाचे चौकोन, रंगाला रंग जुळवून, गठ्ठा बांधून. त्याला म्हणायचं 'चार्म पॅक'. अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळी असेल तर 'जेली रोल'. मी आधी ऐकलं तेव्हा खायचा पदार्थ समजून पाककृती विचारली होती. जी कातरण शिंपी पोत्यात भरून दाराशी ठेवायचा, आणि आम्ही बाहुलीच्या कपड्यांसाठी मूठभर मागितली तर वर दोन बटणंही द्यायचा, तिला आता पाकीट आणि किंमत आली. हे वेड अमेरिकेत एकदा येऊन गेलेलं आहे म्हणे. 1880 च्या दशकात तिकडे वेड्यावाकड्या तुकड्यांच्या रेशमी गोधड्यांची अशी लाट आली, त्यांना नावच 'क्रेझी क्विल्ट' पडलं, आणि रेशमाच्या कंपन्यांनी कातरणीची पाकिटं टपालाने विकायला काढली. म्हणजे चिंध्या विकत घेण्यातही आपण दीडशे वर्षं उशिराच.

ही माहिती मला दिली तळमजल्यावरच्या काकांनी. आता काकांचं प्रकरण. बँकेतून निवृत्त झालेला हा सरळमार्गी माणूस पहिली नात होणार की नातू या विचाराने शिलाई मशीनवर बसला तो उठलाच नाही. सकाळी नऊ ते एक काम, मग जेवणाची सुट्टी, चारला खिडकी बंद. काकूंना मशीनला हात लावायची परवानगी नाही. तक्रार घेऊन त्या सगळ्यांच्या दारी फिरल्या: ह्यांनी चाळीस वर्षांत शर्टाचं बटण लावलं नाही, आणि आता मला म्हणतात, तुझी टीप वाकडी येते. काकांचे निवृत्तीनंतर कपाटात पडून राहिलेले सगळे चट्ट्यापट्ट्यांचे शर्ट चौकोनात गेले. ऑफिसचा सुती शर्ट तसा या कामाला उत्तम, शेकडो वेळा धुतलेला, आटायचा तो आटून झालेला. पण लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला काकूंनी दिलेला शर्टही त्यात गेला आणि तिथून खरा भडका उडाला.

मी काकांना तोंडावर म्हटलं, अहो, अखंड कापड कापणं बरं नव्हे. तर त्यांनी थेट विनयपिटक काढलं! बुद्धांनी म्हणे मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातशेती पाहिली आणि आनंदाला विचारलं, भिक्खूंची चीवरं अशी शिवता येतील का? आनंदाने शेतांसारखे तुकडे जोडून चीवर शिवलं. "बघा, तुकडे जोडायची परंपरा किती जुनी!" मी वाचलं जाऊन. त्यात हेही आहे की कापून जोडलेलं वस्त्र साधूला शोभतं, कारण त्याचा दुसऱ्या कुणाला मोह पडत नाही. मोह पडू नये म्हणून कापायचं, हे तिथलं. आमच्याकडे मोह पडावा म्हणून कापतात. काकांना हे दाखवलं, तर चष्मा पुसत म्हणाले, चार वाजले.

ए विंगचं मात्र मी फक्त ऐकलं, पाहिलेलं नाही. तिथल्या एकीने सासूच्या पैठणीचा पदर कापला. सासू हयात असताना! बाई नाशिकहून बारशाला आल्या, बाळाला मांडीवर घ्यायला वाकल्या आणि त्यांनी मोर ओळखला. पुढचं संभाषण तीन मजल्यांना ऐकू गेलं म्हणतात. नाती-बिती सोडा, पण अक्कल? जर तान्ह्याच्या कातडीला बोचते. रेशीम दिवसातून दोनदा धुता येत नाही, आणि तान्ह्या बाळाची गोधडी दिवसातून दोनदा धुवावी लागतेच, का ते सांगायला नको. सुतीच हवं. वायल, मलमल, जुना पंचा, काहीही, पण सुती. मोराचं आयुष्य असं ओलं होऊन संपायला नको होतं.

मी हे एवढ्या अधिकाराने कसं सांगते, असं विचारू नका.

बरं, विचारलंत म्हणून सांगते. माझ्या नणंदेच्या मुलीला दिवस आहेत आणि मी फक्त बघायला म्हणून रविवार पेठेत कापडगंजात गेले होते. फक्त बघायला. येताना हातात सहा पिशव्या होत्या. छत्तीस चौकोन, सहा आडवे, सहा उभे, प्रत्येक सहा इंची, म्हणजे छत्तीस इंचांची नेटकी गोधडी. एवढं गणित चौथीतलं पोर करेल. शिवून झाल्यावर मोजली, साडेतेहतीस! पुन्हा मोजली. टेप बदलली. नवऱ्याला संशयाने पाहिलं. शेवटी नाइलाजाने तळमजला गाठला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, हा टीडीएस. प्रत्येक चौकोनाचा चारी बाजूंनी पाव-पाव इंच शिवणीत आधीच कापला जातो. हातात सहा हवे असतील तर कापताना साडेसहा धरा." इतकं साधं. पण ते ज्या सुरात बोलले तो सूर मी विसरणार नाही.

दुसरा घोळ खणाचा. लाल खण न धुता पांढऱ्या मलमलीशेजारी लावला आणि पहिल्याच धुण्यात सगळी गोधडी गुलाबी झाली. आधी सगळं कापड धुवायचं, आटू द्यायचं, रंग जायचा तो जाऊ द्यायचा, मग इस्त्री, मग कात्री. ही गोष्ट मला भिशीतल्या अकरा जणींनी सांगितली, सगळ्यांनी नंतर. आणि कात्रीवरून आठवलं. कापडाची कात्री कागदाला लावायची नसते, कुणाला उसनी द्यायची तर मुळीच नसते. माझी जड, काळ्या मुठीची कात्री गेले तीन आठवडे सोसायटीत फिरते आहे. जिच्याकडे चौकशी करावी ती म्हणते, आत्ताच पुढे दिली.

तर साताऱ्याच्या आजींना परीक्षक म्हणून बोलवायची कल्पना कुणाची होती, त्याची चौकशी झाली पाहिजे. बी विंगच्या हॉलमध्ये सात गोधड्या मांडल्या. आजींनी एकीचाही वरचा भाग पाहिला नाही. सगळ्या उलट्या केल्या! आणि मग बोटाने धावदोरा चाचपत निघाल्या. "ही घाईत केली." "हिने गाठ वर ठेवली, पोराला टोचंल." "इथं टाका बोटभर लांब, पोराचा अंगठा अडकंल." काकांच्या मशीनच्या टिपेवर त्या थांबल्या. "सरळ हाय," म्हणाल्या, आणि हे कौतुक आहे की दूषण ते काकांना अजून कळलेलं नाही. सहाव्या गोधडीवर मात्र त्यांचा हात बराच वेळ राहिला. बारीक टाका, एकसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "ही तू नाही शिवली," त्या म्हणाल्या. "हा रोज शिवणारीचा हात हाय."

जिची होती तिने आधी मावशीचं नाव घेतलं, मग गावच्या बाईचं, मग खरं सांगितलं. चकचकीत दुकानातून घेतलेली, काही हजारांना. कुणी शिवली ते चिठ्ठीवर नव्हतं. आजींनी विचारलं, त्या बाईला किती मिळाले? हॉलमध्ये तेवढी एकच शांतता झाली. मग कुणीतरी वडे आणले.

कारवारकडची शेजारीण तरी गप्प बसेल की नाही! ती म्हणाली, तुमच्या सगळ्यांच्या गोधड्या नागड्या आहेत. तिकडे हल्याळ-येल्लापूरच्या रानातल्या सिद्दी बायका गोधडी शिवतात, तिला कवंदी म्हणतात. यांचे पूर्वज आफ्रिकेतले, कित्येकांना पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेलं. त्या कवंदीच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, आणि फुलं नसतील तर कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. झालं. दुसऱ्या दिवशी सातही गोधड्यांचे कोपरे उसवलेले. माझी पण.

आणि ज्याच्यासाठी ही सगळी उलथापालथ, त्या बाळाने यावर झोपायचं नाही! हो. बी विंगच्या भाचीने परवा सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते, पहिलं वर्षभर झोपताना बाळाजवळ सुटं पांघरूण नको, मऊ काही नको. आमच्या डॉक्टरीणबाईपण तेच म्हणाल्या. मग गोधडीचं काय? तर बाळ जागं असताना, आपण शेजारी बसलेलो असताना जमिनीवर अंथरायची, पालथं पडायला, मान उचलायला. आणि फोटोला. दर महिन्याला एक फोटो, बाळ मधोमध, शेजारी आकडा. छत्तीस चौकोन, सहा पिशव्या, एक सासू, एक शर्ट, आणि उपयोग महिन्यातून एकदा! मी भाचीला म्हटलं, आम्ही नाही का गोधडीत वाढलो? तिने माझ्याकडे अशी काही प्रेमळ नजर टाकली की मी विषय बदलला.

काल रात्री साडेनऊला दारावर थाप. बी विंगची, धापा टाकत. नणंदेच्या मुलीचा फोन तिला आधी आला होता, मला नाही, हे आणखी एक प्रकरण, त्यावर नंतर बोलू. बातमी अशी की सोनोग्राफी झाली आणि जुळी आहेत.

मी काही बोलले नाही. दोघी तशाच चपला न घालता तळमजल्यावर गेलो. काकांकडे खिडकी बंद होती, पण आत दिवा होता. काकांनी दार उघडलं, ऐकलं, आणि पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहिला: साडेसहा इंची, बहात्तर. त्यांच्या मशीनशेजारी, वर्तमानपत्राच्या कात्रणांच्या ढिगावर, एक जड, काळ्या मुठीची कात्री पडलेली होती.